चौकटीवर दोनदा

डबा पुन्हा गप्प झाला तेव्हा नौफल कॉफीत नारिंगीच्या फुलांचं पाणी घालत होता. दोन थेंब पडायचे तिथे चांगली धार लागली, कारण कान मधल्या खोलीकडे गेला. पंख्याची घरघर थांबली होती. मग हार्डडिस्क खाली बसतानाची ती किर्र, आणि त्यानंतर काहीच नाही.

"गेलास का रे बाबा?" तो म्हणाला आणि कप तसाच ओट्यावर ठेवून निघाला.

मधल्या खोलीतल्या बुटक्या टेबलावर तो डबा, घरातल्या फाइली साठवणारा सर्व्हर, बसलेला असे. विटेहून थोडा मोठा, मागे नेटवर्कची तार, पुढे ओळीने दिवे. नौफलच्या बायकोच्या, शेदलियाच्या भावाने तो फार वर्षांपूर्वी मार्सेहून पाठवला होता. दिव्यांचा या घरात कुणाला उपयोग नव्हता. नौफल जन्मापासून आंधळा, आणि शेदलियाही. स्फाक्स शहरात शिकलेल्या आंधळ्याला नोकरी मिळाली तर ती टेलिफोन बोर्डावरच मिळते. तशी एका सरकारी कचेरीच्या बोर्डावर दोघं शेजारी बसली, वर्षभर दुसऱ्यांचे फोन जोडत राहिली आणि मग त्यांनी लग्न केलं.

लोक फोटो काढतात, शेदलिया आवाज साठवायची. मासळीबाजारातला लिलाव, ईदच्या आदल्या दिवशी तेलात कांदा पडल्याची चर्र, गच्चीवर वाळत टाकलेल्या चादरींची फडफड, नौफलचं घोरणं. ते तर तिने पाहुण्यांना मुद्दाम ऐकवलं होतं. कधी कधी ती मधल्या खोलीत रेकॉर्डर चालू ठेवायची आणि विसरून जायची. ते सगळं या डब्यात होतं. घशाच्या आजाराने ती जाऊन आता दुसरा उन्हाळा आला होता, आणि तिचा आवाज जगात आणखी कुठेही नव्हता.

डबा बनवणाऱ्या कंपनीने त्याचं नाव टाकलं त्याला जमाना झाला. नौफलचा नवा कॉम्प्युटर त्याच्याशी बोलायलाच तयार नव्हता. बाब दिवान वेशीजवळच्या दुकानदाराने त्यातली डिस्क आपल्या मशीनला लावून पाहिली आणि म्हणाला, "ही तर रिकामी दाखवतेय, नौफलसाहेब. पुसून नव्यासारखी करून देऊ?" नौफलने ती डिस्क त्याच्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतली. घरी येऊन त्याने ती पुन्हा डब्यात बसवली.

त्या संध्याकाळी त्याने लम्जदला फोन लावला. लम्जद गाबेस गावचा, तोही आंधळा, आणि जुनी यंत्रं जिवंत करणं हे त्याचं वेड.

"टाकून दे ते कंपनीचं सॉफ्टवेअर," लम्जद म्हणाला. "आपलं मुक्त सर्व्हर सॉफ्टवेअर घाल. जगभरच्या लोकांनी मिळून केलेलं, कुणाच्या बापाचं नाही. माझ्या डब्यात तेच चालतंय."

"आणि शेदलियाचे आवाज?"

"डिस्कला आपण हातच लावायचा नाही. नवी सिस्टीम पेनड्राइव्हवर चढवायची. फक्त एका ठिकाणी जप. कुठे चढवू, असं ते विचारेल. तिथे डिस्क निवडून एंटर मारलास की सगळं साफ. मग रडत मला फोन करू नकोस."

"तुझ्या जिभेला काही हाड?"

"अरे, हे यंत्र आपल्यासाठीच बनवलंय! याला पडदाच नाही. डोळसही याच्यासमोर बसला की आपल्यासारखाच. फरक एवढाच, की तो घाबरतो."

नौफल हसला खरा, पण झोपेपर्यंत तीन वेळा उठून डब्यावर हात ठेवून आला.

दुसऱ्या दिवशी खालती सलूहा जिना चढून आली. खालच्या मजल्यावरची ही म्हातारी, सगळी गल्ली तिला खालती म्हणजे मावशी म्हणे. तिच्याकडून या घरचा कायदा कधी मोडला नाही. कायदा एकच होता: या घरात कुणी गप्प उभं राहायचं नाही. आत येणाऱ्याने बोलायचं, नाहीतर दाराच्या चौकटीवर दोनदा वाजवायचं. आंधळ्या नवराबायकोने दुसरं काय करावं? शेवटच्या महिन्यांत शेदलियाचा घसा बसला, तेव्हापासून ती चांदीच्या अंगठीनेच वाजवायची. टक, आणि श्वासभर थांबून टक. नौफल म्हणायचा, "मी इथेच आहे गं."

खालतीला चौकट वाजवायची गरजच नव्हती. ती खालच्या पायरीपासून बोलत यायची.

"काय मेलं ते डबडं सांभाळत बसलायस! हे घे, जवाची भाकरी आणलीय. मर्गा करशील ना माशाचा, भाकरी बुडवायला? की आजही नुसती कॉफी ढोसणार?"

"खालती, आधी एवढं बघ. डब्याचे पुढचे दिवे कसे आहेत?"

ती भिंतीशी गेली. खट् झालं. तिथला दिव्याचा खटका जुना आणि ताठ होता, अंगठ्याने जोर करून दाबावा लागे.

"आई गं! टेबलावर हा दिवा इतका खाली का टांगलाय रे? जुना काचेचा, कपाळाला चटका बसतो. थांब. एक नारिंगी आहे, लुकलुकतोय. बाकीचे मेलेत."

"चालेल. जाताना दिवा बंद कर हो."

"मी करतेच. तूच विसरतोस. परवा दिवेलागणीला चांगला पेटलेला होता, माझ्या अंगणात उजेड पडला होता."

"मी कशाला दिवा लावू? तूच विसरली असशील."

"हो हो, माझंच डोकं फिरलंय," खालती म्हणाली आणि बडबडत जिना उतरली.

नौफलने दुपारी डब्याला पेनड्राइव्ह लावून कामाला सुरुवात केली. डब्याच्या जुन्या पानावरून नवी फाइल आत ढकलली, आणि डबा बंद होऊन पुन्हा सुरू होण्याची वाट पाहत बसला. हा वेळ फार वाईट. यंत्र मेलंय की विचार करतंय, ते कळत नाही. डोळस माणूस दिव्याकडे बघत बसतो, नौफल तळहात ठेवून बसला. पत्रा गार होता. मग आत काहीतरी फिरलं, पत्रा थरारला आणि डब्याने एकच बारीक शीळ घातली.

"शाब्बास," नौफल म्हणाला.

त्याने कॉम्प्युटरवरून डब्याला हाक दिली. डबा उत्तर देऊ लागला आणि पडद्यावरचं वाचून दाखवणारा तो फ्रेंच आवाज सुरू झाला. नौफलने त्याचा वेग इतका वाढवून ठेवला होता की पाहुण्यांना वाटायचं कुणी पत्र्यावर वाटाणे ओततंय. भाषा, देश, घड्याळ. नौफल एकेक प्रश्न उडवत गेला. मग प्रश्न आला, यंत्राला नाव काय द्यायचं. उत्तराच्या जागी आधीच काहीतरी लिहिलेलं होतं. त्याने ते एकेक अक्षर करून वाचवून घेतलं.

शेदलिया.

त्याने लम्जदला फोन लावला.

"घाबरलास ना?" लम्जद हसला. "अरे, जुनं नाव असणार ते. तिने कधीतरी दिलं असेल. राउटर विसरत नाही. सॉफ्टवेअर राउटरला विचारतं आणि तेच पुढे करतं."

"तिने मला कधी सांगितलं नाही."

"बायका सगळं सांगतात होय? पुढे चल. आणि ऐक, पेनड्राइव्ह यादीत तिसरा असतो. माझ्याकडे तिसराच होता."

पुढे जाण्याआधी नौफलने सवयीने एक गोष्ट तपासली. टेलिफोन बोर्डावर आयुष्य काढलेला माणूस लाइनवर आणखी कोण आहे ते ऐकल्याशिवाय बोलत नाही. डब्याने सांगितलं, दोघे जोडलेले आहेत. एक नौफल. दुसरा डब्याच्या आतूनच.

"आतून म्हणजे?" लम्जदने फोनवरून विचारलं. "हां, हां. आत एक खाच असते, कारखान्यातली माणसं तिथे तार लावतात. रिकाम्या खाचेलाही हा खुळा माणूस समजतो."

"माझ्याकडे कुणी तार लावलेली नाही."

"तेच तर म्हणतोय मी!"

हे पटण्यासारखं होतं. नौफलला ते पटलंही. तरी त्याने उठून डब्याच्या चारही बाजू बोटांनी चाचपल्या, विजेची आणि नेटवर्कची सोडून तिसरी तार नव्हती. खिडकी बंद होती. खाली खालतीच्या अंगणात कोंबड्या कलकलत होत्या. तो परत येऊन बसला, मग पुन्हा उठला, पाणी प्यायला, पुन्हा बसला.

यादी आली.

आता आंधळ्यांची एक खोड असते. आवाज वाक्य पुरं करेपर्यंत थांबतो कोण? पहिला शब्द कानावर पडला की पुढचं कळल्यासारखं होतं, आणि बोट आवाजाचा गळा दाबून पुढच्या कळीवर जातं. नौफलने खाली, खाली असा बाण दाबला. आवाज म्हणाला, "तिसरा..." नौफलने त्याला तिथेच तोडला. बोट एंटरवर गेलं.

टक.

श्वासभर थांबून, टक.

चौकटीवर. लाकडावर चांदी लागल्याचा तो आवाज जगातल्या कुठल्याही गर्दीत त्याने ओळखला असता.

बोट हवेतच राहिलं. "कोण? खालती?"

कुणी बोललं नाही. काय करावं ते न सुचून त्याने यादी पुन्हा वाचायला लावली, या वेळी शेवटच्या शब्दापर्यंत. तिसरी होती हार्डडिस्क. भरलेली. पेनड्राइव्ह या डब्यात पहिला होता. लम्जदच्या डब्यात असेल तिसरा!

कळ दाबली असती तर सगळं गेलं असतं. मासळीबाजार, चादरी, घोरणं, ती स्वतः.

नौफलने पहिल्या ओळीवर जाऊन ती दोनदा ऐकली, मग एंटर मारला. मग खुर्चीतच डोकं धरून तो ढसाढसा रडला. इतका तो तिच्या मयतीलाही रडला नव्हता, तेव्हा माणसं होती.

"आलीस होय," तो म्हणाला. "मी इथेच आहे गं. इथेच आहे."

नंतर त्याने फडताळातली डबी उघडून पाहिली. अंगठी कापसात होती, होती तिथेच.

लम्जदला त्याने सगळं सांगितलं.

"खिडकीची फळी असेल," लम्जद म्हणाला.

"फळी एकदा वाजते. दोनदा, आणि मध्ये नेमका तेवढाच दम खाऊन?"

"मग तीच असेल बाबा. नशीबवान आहेस. माझी जिवंत असून एवढं जपत नाही."

पुढचे दिवस नौफलचे कसे गेले ते त्यालाच ठाऊक. डबा झकास चालत होता. नव्या कॉम्प्युटरशी गुण्यागोविंदाने बोलत होता, एकदाही बंद पडला नाही. लाइनवर दोघेच असायचे, नौफल आणि आतला. आतल्याची सवय झाली. आणि दिवेलागणीची अजान संपली की चौकटीवर दोनदा वाजायचं. नौफल कान देऊन बसायचा, वाजलं की जीव भांड्यात पडायचा. "ये गं," म्हणायचा. कॉफीचे दोन कप करायचा, दोन्हींत फुलांचं पाणी. दुसऱ्यातली कॉफी तशीच राहायची, पण त्याची तक्रार नव्हती. बाहेर जाणं त्याने बंद केलं. खालतीने भाकरी आणली तर ती दारातच घ्यायचा, उगाच कुणी मध्ये नको.

रोज तो थोडे थोडे आवाज ऐकत होता, जुन्यापासून नव्याकडे. तरुण शेदलिया हसायची, भाजीवाल्याशी हुज्जत घालायची. ऐकता ऐकता तो शेवटच्या महिन्यांपाशी आला. ते आवाज त्याने कधी ऐकले नव्हते. तेव्हा तो निवृत्त झाला नव्हता, दिवसभर कचेरीत असायचा आणि ती एकटी घरी.

एका संध्याकाळी धीर करून त्याने त्यातला एक लावला.

मधली खोली. तिचा घरघरता श्वास. बाहेर दुपारची अजान, समोरच्या शाळेची घंटा. मग चौकटीवर दोनदा टकटक.

"आलास?" शेदलिया कुजबुजली. आवाज तसा उरलाच नव्हता, नुसता वारा. "आज लवकर सुटलास?"

उत्तर नाही.

"बोल ना. की तुझाही घसा बसला?" ती हसली, मग खोकली. "बरं, नको बोलूस. बस इथे."

नौफलने आवाज थांबवला. दुपारच्या अजानीला तो कधीच घरी नसे. त्या वेळी बोर्डावर फोनांची झुंबड असायची, जागचं हलता यायचं नाही. इतक्या वर्षांत एकदाही तो दुपारी घरी आला नव्हता.

त्याने पुढचा लावला. पुन्हा अजान, पुन्हा घंटा. टक, टक. "आलास?" आणि लगेच आणखी एक आवाज होता. खट्.

तेवढं त्याने परत ऐकलं. परत ऐकलं. घरातलाच होता आवाज, ओळखीचा होता, पण नाव सापडेना. भांडं नाही, कडी नाही, रेकॉर्डरचं बटण नाही. या घरात क्वचित होणारा आवाज. त्याने पुढचा लावला, त्याच्या पुढचा लावला. प्रत्येकात चौकट, तिचं "आलास?", आणि खट्.

शेवटच्यात ती अगदी हळू म्हणाली, "नौफल, तूच आहेस ना रे?"

खालून हाक आली.

"अरे पोरा! नौफल!" खालती अंगणातून ओरडत होती. त्याने उठून खिडकी उघडली.

"काय गं?"

"काही नाही रे. म्हटलं, कोण पाहुणा उतरलाय तुझ्याकडे? रोज दिवेलागणीला दिवा लागतो. बरं वाटतं हो, दोन वर्षं नुसता अंधार होता."

"कसला दिवा?"

"मधल्या खोलीतला! आता तू उभा आहेस तिथलाच. शेदलिया आजारी होती तेव्हाही भरदुपारी लागलेला असायचा. मी म्हणायचे, बिचारी, हात लागून गेला असेल, तिला काय कळणार. पाहुण्याला जेवायला विचार हो. मी मर्गा केलाय."

नौफलने खिडकी लावली.

शेदलियाला त्या खटक्याची जागा माहीत नव्हती. भिंतीवर कुठे असतो, ते तिने कधी विचारलंही नव्हतं. आयुष्यात कधी तिने दिवा लावला नाही. मेल्यावर तिला उजेड कशाला लागेल?

तो भिंत चाचपत गेला. अंगठा खटक्यावर ठेवला. खटका चालू होता.

त्याने जोर करून तो बंद केला. खट्. तोच आवाज.

डबा टेबलावर संथ घरघरत होता. आत शेदलियाचा श्वास होता, तिचं हसणं होतं, आणि ते सगळं ज्याने वाचवलं तोही होता. डबा उचलून जिना उतरायला कितीसा वेळ लागला असता? पण जिना चौकटीच्या पलीकडे होता.

अजान सुरू झाली. नौफल टेबलाशी उभा राहून ऐकत राहिला. अजान संपली.

टक.

श्वासभर थांबून, टक.

त्याने ओठ घट्ट मिटले. त्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी गप्प उभं राहिलं होतं, आणि तो नौफल होता.

समोरूनही कुणी बोललं नाही.

भिंतीवर खट् झालं.

थोड्या वेळाने त्याच्या कपाळाला दिव्याची ऊब लागली.